"आपण खरंच धंदेवाले आहोत का?" या शंकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं डोंबिवलीत फराळ आणि भाजण्यांचं छोटं युनिट आहे, घरच्या गॅसवर सुरू केलं त्याला आता अकरा वर्षं झाली. नव्याने धंद्यात पडलेल्या बायका, मुलं, रिटायर होऊन काहीतरी सुरू केलेले काका, असे बरेच जण बोलायला येतात. सुरुवातीला लायसन्सचं विचारतात, पॅकिंग मशीन कुठून घेतलं ते विचारतात, आणि मग चहा संपत आला की हळूच खरा प्रश्न येतो. तेच प्रश्न इथे एकत्र लिहिलेत.

प्रश्न: इम्पोस्टर सिंड्रोम म्हणजे नेमकं काय हो?

काम तुम्हीच केलंय, चांगलं केलंय, लोकांनी पैसे मोजलेत, परत आलेत, आणि तरीही आतून वाटत राहतं की हे सगळं चुकून झालंय, आपल्याला यातलं खरं काही येत नाही आणि एक दिवस कोणीतरी येऊन सगळ्यांसमोर ते उघडं पाडणार. यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात.

माझ्या बाबतीत सांगते. २०१९ च्या दिवाळीआधी एका बाईंचा फोन आला, कॅनडातल्या त्यांच्या मंडळासाठी ६० किलो फराळ हवा होता. तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर १८ किलोची. फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार काय आला, तर "यांना कोणीतरी चुकीचं नाव सांगितलं असणार". त्या बाईंनी दोनदा माझ्याकडून चकली नेली होती, खाल्ली होती, म्हणून फोन केला होता. हे मला माहीत होतं तरी पटत नव्हतं.

या गोष्टीवर पहिल्यांदा नीट लिहिलं ते पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, १९७८ साली. त्यांनी दीडशेहून जास्त शिकलेल्या, आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या बायकांशी बोलून बघितलं, तर डिग्र्या, बक्षिसं, मान सगळं असूनही त्यांना आपण लोकांना फसवतोय असंच वाटत होतं. पुढे लक्षात आलं की हे पुरुषांनाही होतं.

प्रश्न: म्हणजे हा आजार आहे का? डॉक्टरकडे जावं लागेल?

आजार नाही. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत हे नावच नाही. क्लान्स आणि आइम्स यांनीही याला सिंड्रोम म्हटलं नव्हतं, फिनॉमेनन म्हटलं होतं, म्हणजे माणसांत दिसणारी एक गोष्ट. सिंड्रोम हा शब्द नंतर चिकटला.

पण झोप उडालीय, जेवण जात नाही, सकाळी उठून दुकान उघडावंसंच वाटत नाही, रडू येतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ती गोष्ट वेगळी आहे, तिला या नावाखाली झाकून ठेवू नका. फॅमिली डॉक्टरशी बोला, किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. हे मी वरवरचं म्हणून लिहीत नाहीये, आमच्यातल्या एका माणसाने फार उशिरा मदत घेतली, तेव्हापासून कोणीही आलं की मी हा नंबर आधी देते.

प्रश्न: नोकरीत असताना मला असं कधी वाटलं नाही. धंद्यात आल्यावरच का?

कारण नोकरीत कोणीतरी तुम्हाला निवडलेलं असतं. इंटरव्ह्यू झालेला असतो, अपॉइंटमेंट लेटर असतं, दर वर्षी अप्रेझल होतं, महिन्याच्या एक तारखेला पगार येतो, म्हणजे दर महिन्याला कोणीतरी सांगतं की हो बाबा, तू इथला आहेस. धंद्यात असं सांगणारं कोणी नाही. तुम्ही स्वतःच ठरवलं की आजपासून मी उद्योजक, व्हिजिटिंग कार्डवर प्रोप्रायटर छापून आणलं, आणि ते कार्ड देताना आपलाच हात जरा आखडतो कारण ही पदवी दिली कोणी, तर आपणच.

त्यात आपली घरं. आपल्याकडे बहुतेक घरांत "आपल्यात कोणी धंदा केलाय?" हे वाक्य ऐकतच मुलं मोठी होतात. माझ्या वडिलांनी रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यांच्या दृष्टीने धंदा म्हणजे दुसऱ्या समाजाचं काम. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना माझी काळजी होती. पण हे वाक्य डोक्यात राहतं आणि एखादा महिना मंदा गेला की बरोबर तेच आधी ऐकू येतं.

प्रश्न: भाव सांगताना माझी जीभ अडखळते. समोरचा काही बोलायच्या आधी मीच कमी करून टाकते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते खरं दुखणं इथेच कळतं. स्वतःबद्दलची शंका मनात राहिली तर एक वेळ चाललं असतं, पण ती मनात राहत नाही, ती रेट कार्डवर उतरते.

मी पाच वर्षं चकली ३२० रुपये किलोने विकली. का ३२०, तर समोरच्या दुकानात ३४० होती आणि मला वाटायचं की आपण घरगुती, आपण दुकानापेक्षा कमीच घ्यायला हवं. मग एका संध्याकाळी माझ्या भाच्याने मला खुर्चीत बसवलं, वही घेतली आणि एकेक विचारत गेला. भाजणी ९० रुपयांची. तेल किती पितं? मला अंदाजे माहीत होतं, त्याने अंदाज घेतला नाही, कढईत ओतायच्या आधी आणि तळण झाल्यावर तेल काट्यावर ठेवायला लावलं, ४५ रुपये निघाले. तीळ, तिखट, ओवा, मोहनाचं लोणी मिळून २०. गॅस १५. डबा, लेबल, सील २२. सोऱ्या फिरवणाऱ्या आणि तळणाऱ्या ताईंची मजुरी ७०. तुटलेल्या चकल्या ज्या विकता येत नाहीत, त्यांचे १५. झाले २७७. उरले ४३ रुपये, आणि त्यात भाडं नाही, लाइट बिल नाही, रिक्षा नाही, आणि मी पहाटे पाचला उठते त्याचं काहीच नाही.

त्या दिवशी मला राग आला, स्वतःचा नाही, त्या पाच वर्षांचा. दुसऱ्या आठवड्यात भाव ४४० केला. दोन गिऱ्हाइकं गेली. बाकीच्यांनी "हो का, बरं" म्हणून पैसे दिले.

म्हणून ज्यांची जीभ अडखळते त्यांना मी "आत्मविश्वास ठेवा" असं सांगत नाही, तो ठेवायचा कुठून? कॉस्टिंग लिहा. लिहिलेला आकडा समोर असला की बोलताना आपण स्वतःची किंमत सांगत नसतो, तेलाची, गॅसची आणि ताईंच्या मजुरीची सांगत असतो, आणि ती सांगायला घसा कोरडा पडत नाही. आणि भाव सांगितल्यावर गप्प बसा. "पण तुमच्यासाठी कमी करते" हे वाक्य आपण त्या शांततेला घाबरून बोलतो, समोरचा बहुतेक वेळा नुसता मनात हिशोब करत असतो.

प्रश्न: पण मी खरंच कच्ची असेन तर? नुसती भावना आहे की खरंच येत नाही, हे ओळखायचं कसं?

फार चांगला प्रश्न, आणि याला टाळणारे सल्ले मला आवडत नाहीत. सगळ्यांना "तुम्ही भारीच आहात" म्हणून काही होत नाही, कारण कधीकधी खरंच येत नसतं.

माझी तिसरी दिवाळी. करंज्या बारा दिवसांत खवट झाल्या. तीन घरांतून फोन आले, एका आजींनी तर डबा परत पाठवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत, मला तेच जास्त लागलं. तेव्हा मला वाटलं, झालं, पकडले गेलो, बंद करूया. आठवडाभर नवीन ऑर्डर घेतली नाही. मग एका जुन्या केटरिंगवाल्या काकांकडे गेले, त्यांनी करंजी फोडली, वास घेतला आणि म्हणाले, "खोबरं जुनं होतं, आणि भाजलंस कमी." बास. दोन वाक्यं. माझ्या डोक्यात आठवडाभर जे "मला काहीच येत नाही" चाललं होतं त्याचं खरं नाव होतं, जुनं खोबरं आणि कमी भाजणं.

खरी उणीव असली की तिला असं नाव असतं. ती एका जागी असते, तिच्यावर इलाज असतो. मी खोबऱ्याचा व्यापारी बदलला, भाजायची वेळ लिहून भिंतीला लावली, प्रत्येक डब्यावर बॅच नंबर टाकायला लागले आणि पुढच्या वर्षी माल लॅबमध्ये देऊन किती दिवस टिकतो ते तपासून घेतलं. खोट्या शंकेला नाव नसतं. तिला विचारा "काय येत नाही?" तर ती म्हणते "सगळंच". "सगळंच" हे उत्तर आलं की समजायचं की हे आपलं काम बोलत नाहीये.

करून बघायला सोपं आहे. एका कागदावर लिहा की मला नक्की काय येत नाही, पण एका ओळीत एक, आणि शिकता येईल असं. "जीएसटी रिटर्न कळत नाही" चालेल. "मी बिझनेस मटेरियल नाही" खोडा, ती ओळ यादीत बसत नाही. माझ्या कागदावर पहिल्यांदा नऊ ओळी होत्या आणि त्यातल्या पाच खोडाव्या लागल्या. उरलेल्या चारांपैकी एकीसाठी सीए मिळाला, दोन शिकले, एक अजून येत नाही, इन्स्टाचे रील काही मला जमत नाहीत, ते भाची करते.

प्रश्न: माझं या धंद्याचं शिक्षणच नाही. बीए केलंय, आणि आता मशीन शॉप चालवतोय. लोकांना कळलं तर?

कळू द्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते, रंग ओळखण्यात अडचण आहे असं निघालं म्हणून चित्रकला सोडावी लागली, मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, मुंबईतल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवायला लागले, तिथून निघून बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान. आणि मग लोखंडी नांगर. शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं असं लोक म्हणायचे, माल पडून राहिला. १९१० साली कुंडलच्या माळावर औंधच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कोण सांगणार, पण शिक्षण एक, काम भलतंच, आणि गिऱ्हाईक नाही, ही परिस्थिती आपल्या ओळखीची आहे एवढं नक्की.

लिज्जत पापडही तसंच. १५ मार्च १९५९, गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका, ८० रुपये उसने. त्यांच्यातल्या कोणाकडे फूड टेक्नॉलॉजीची डिग्री होती? पापड लाटता येत होते.

तुम्हाला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, हातात घेऊन मायक्रोमीटर लावता येतो का, रिजेक्शन का आलं ते सांगता येतं का, गिऱ्हाईक परत येतं का, एवढं बघा. बीए लपवू नका. लपवलेली गोष्ट रोज सांभाळावी लागते आणि तीच माणसाला थकवते.

प्रश्न: माझ्याकडची माणसं माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मी मालक कसली?

माझ्याकडे तळणीवर ज्या ताई आहेत त्या तेलाला नुसतं बघून सांगतात की अजून अर्धा मिनिट थांब. मला अकरा वर्षांत ते येत नाही, मी थर्मामीटर लावते. पहिली दोन वर्षं मी त्यांच्यासमोर उगाच कडक वागायचे, कारण मला भीती होती की यांना कळेल मला येत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

त्यांना तळण येतं. त्यांचा पगार सात तारखेच्या आत होईल हे बघणं, एप्रिल-मे मध्ये धंदा नसताना त्यांना काम राहील अशी उन्हाळी पापड-कुरडयांची ऑर्डर धरून ठेवणं, तेलाचा भाव चढायच्या आधी डबे भरणं, हे माझं काम आहे. ते काम दिसत नाही, म्हणून आपण ते कामात धरत नाही.

प्रश्न: बँकेत, प्रदर्शनात लोक इंग्रजीत बोलायला लागले की मी गप्प होते.

मराठीत बोला. बँकेतल्या माणसाला इंग्रजी नको असतं, आकडे हवे असतात. वर्षाची विक्री किती, खर्च किती, उधारी किती अडकलीय, कर्ज कशासाठी हवंय आणि हप्ता कुठून देणार. ही पाच उत्तरं पाठ नाही, माहीत हवीत. मी मुद्रा लोनला गेले तेव्हा एका चिठ्ठीवर लिहून नेली होती आणि चिठ्ठी बघूनच बोलले, साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधारवर होतं, ऑनलाइन होतं, सरकारी फी शून्य आहे, त्यामुळे कोणी दोन-तीन हजार मागितले तर देऊ नका. त्याचा व्यवहारात उपयोग आहेच, पण मला आठवतं, ते सर्टिफिकेट प्रिंट काढून आणलं तेव्हा नवऱ्याने ते काही न बोलता देवघराशेजारी लावलं. कधीकधी एक कागदसुद्धा पुरतो.

प्रश्न: काम झालंय, बिल दिलंय, पण पैसे मागायला लाज वाटते. वाटतं, मागितले तर म्हणतील की काम कुठे एवढं चांगलं होतं.

याचंही मूळ तेच आहे, म्हणून इथे घेतलंय. २०२२ च्या दिवाळीला एका कंपनीला गिफ्ट बॉक्स दिले, पावणेदोन लाखांचं बिल. त्यांनी पाच महिने लावले. आणि मी त्या पाच महिन्यांत फक्त तीनदा फोन केला, कारण दर वेळी मला वाटायचं की शेव जरा जाड झाली होती, तेच काढतील. त्यांनी शेवेबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या अकाउंट्समध्ये फाइल नुसती पडून होती. मी मात्र त्या काळात तेलवाल्याला तोंड चुकवत होते आणि ताईंचा पगार सोनं ठेवून केला.

आता कायदा काय ते ऐका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, म्हणजे एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियम आलाय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांनाच घाई असते. बिलावर उद्यम नंबर छापा आणि खाली मुदत लिहा. तरीही नाही आले तर अडकलेल्या पैशांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकता येते.

आता माझ्याकडे सोळाव्या दिवशी मेसेज जातो. तो मी लिहीत नाही, तयार मजकूर ठेवलाय, तोच जातो, सगळ्यांना सारखा. त्यामुळे मागावं की नको हा विचारच करावा लागत नाही.

प्रश्न: इन्स्टावर सगळ्यांचं किती छान चाललेलं दिसतं.

तिथे कोणी उधारी टाकत नाही. तुमच्याच धंद्यातल्या एका माणसाशी, शक्यतो दुसऱ्या गावातल्या म्हणजे स्पर्धा नको, महिन्यातून एकदा खरे आकडे बोलत जा. माझी अशी एक मैत्रीण सांगलीला आहे, तिचा हळद-मसाल्यांचा धंदा. आम्ही एकमेकींना विक्री, परत आलेला माल आणि बुडालेले पैसे सांगतो. पहिल्यांदा तिने तिचा बुडालेला आकडा सांगितला तेव्हा मी फोनवर रडले, कारण माझाही जवळजवळ तेवढाच होता आणि मी तीन वर्षं तो नवऱ्यालाही सांगितला नव्हता.

प्रश्न: मिळालं ते नशिबाने मिळालं असंच वाटतं. २०२० मध्ये सगळ्यांनाच ऑर्डर मिळाल्या.

नशीब असतंच, मी नाही म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती म्हणून लोक घरगुतीकडे वळले, माझीही विक्री वाढली. पण त्या वर्षी माझ्या सोसायटीच्या आसपास आठ-नऊ जणींनी सुरू केलं होतं, आता दोघी आहोत. लाट सगळ्यांनाच मिळाली. नंतर २०२१ मध्ये तेलाचे भाव कडाडले तेव्हा भाव न वाढवता वजन कमी करायचं की वजन तेच ठेवून भाव वाढवायचा, हे ठरवायला नशीब आलं नव्हतं. मी वजन तेच ठेवलं.

प्रश्न: हे कधी जातं का?

माझं पूर्ण गेलेलं नाही. मोठी ऑर्डर आली की अजूनही पोटात तसंच होतं, गेल्या दिवाळीला १४० किलोची आली तेव्हाही झालं. फरक एवढाच की आता मला माहीत आहे की ते साधारण दोन दिवस टिकतं, आणि त्या दोन दिवसांत मी भाव ठरवत नाही आणि कोणाला नाही म्हणत नाही. वही उघडते, मागच्या वर्षी किती कढया लागल्या, किती माणसं होती, कुठे अडलं होतं ते बघते आणि खोबरं आधी मागवते.

प्रश्न: आज, आत्ता काय करू?

तुमच्याकडे एखादं कोटेशन असेल जे तीन-चार दिवसांपासून पाठवायचं राहिलंय, "अजून एकदा बघू" म्हणून. ते काढा. मजुरीच्या रकान्यात स्वतःची मजुरी घातलीय का बघा, नसेल तर घाला, बेरीज परत करा आणि जेवायच्या आधी पाठवून टाका.